छोट्या घराण्याची स्कूल लिहिताना: हिशेब कुठे करायचा आणि हात कुठे आखडायचा

प्रश्न थोडक्यात असा होता: ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ या सामुराईंच्या टेबलावरच्या भूमिका-खेळाची (रोलप्लेइंग गेमची) चौथी आवृत्ती चालवतोय, पाच खेळाडू आहेत, आणि रोकुगानमध्ये, म्हणजे खेळातल्या काल्पनिक साम्राज्यात, स्वतःचं एक मायनर क्लॅन (छोटं घराणं) घालायचं आहे. त्याची योद्ध्यांची स्कूल (पात्राच्या शिक्षणाच्या पाच पायऱ्या म्हणजे रँक, आणि प्रत्येक रँकला एक खास कसब म्हणजे टेक्निक) लिहायला घेतली की एकतर टेक्निक फार जबरी होतात, नाहीतर इतक्या फुसक्या होतात की कोणी ते पात्र घ्यायला तयार होत नाही. मधला रस्ता कसा काढायचा?

मधला रस्ता शोधायला निघालात तर तो सापडणार नाही, कारण ‘जबरी’ आणि ‘फुसकी’ या एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांना नसतात. बहुतेक हौशी स्कूल फासे जास्त दिल्यामुळे बिघडत नाहीत. एक फासा चुकीच्या क्षणाला बांधला म्हणून बिघडतात. लहान घराण्याचं टेक्निक अरुंद हवं, पण त्या अरुंद जागेत ते खरोखर कामाचं हवं, आणि ती जागा खेळाडूला स्वतःच्या हाताने गाठता आली पाहिजे. हे तिसरं कलम लोक विसरतात.

फाशांच्या आधी काम ठरवा. छापील घराणी पाहा. उसागी काळ्या जादूवाल्यांच्या मागावर, तोरिताका भुताखेतांच्या मागावर, त्सुरुची तलवार सोडून धनुष्याला चिकटलेले, इचिरो उत्तरेच्या डोंगरात कुस्ती खेळणारे, सुझुमे गरीब पण गोष्टीवेल्हाळ. प्रत्येकाचं काम एका वाक्यात बसतं आणि त्या वाक्यात एक क्रियापद असतं. ‘शूर, निष्ठावान आणि निसर्गाशी एकरूप’ यात क्रियापद नाही, म्हणून त्यातून टेक्निक निघत नाही. निघतो तो कायमचा अधिकचा फासा.

क्रियापद मिळत नसेल तर जपानच्या सेंगोकु काळातल्या, म्हणजे यादवीच्या काळातल्या, खऱ्या छोट्या सत्तांकडे जा. सेतोच्या अंतर्गत समुद्रात नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा या बेटांवरून मुराकामी लोक जहाजांकडून जकात घेत, वाट दाखवायला माणूस देत, आणि जकात भरलेल्या जहाजाला निशाण देत. ते निशाण फडकत असलं की पुढचे अडवत नसत. (कान्होजी आंग्र्यांची दस्तकं आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचे कार्ताझ हे परवाने आठवले असतील तर बरोबरच आहे, समुद्रावरची छोटी सत्ता असंच पोट भरते.) कीई प्रांतातले साइका लोक बंदुकीत तरबेज होते आणि बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाविरुद्ध होंगानजी या बौद्ध मठाच्या बाजूने लढले. सानादा मासायुकीने १६०० मध्ये उएदाच्या किल्ल्यावर दोन-तीन हजार माणसांनिशी तोकुगावा हिदेतादाची सुमारे ३८,००० ची फौज अडकवून ठेवली, आणि हिदेतादा सेकीगाहाराच्या लढाईला वेळेवर पोचलाच नाही. वाट विकणे, लांबून मारणे, खोळंबा करणे. तीन सत्ता, तीन क्रियापदं. रोकुगान म्हणजे जपान नव्हे हे खरं, पण ‘मोठ्याने ज्या कामात लक्ष घातलं नाही ते काम आपलं’ ही लहानाची जगण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे.

आता हिशेब. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका, कारण चौथ्या आवृत्तीत डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या सवलती प्रत्यक्षात फार वेगळ्या पडतात. ५के३ म्हणजे पाच फासे टाकायचे, तीन ठेवायचे, दहा आला की परत टाकून बेरीज करायची. त्याची सरासरी २४.५ येते. त्यात टाकायचा एक फासा वाढवला, म्हणजे ६के३ केलं, तर २६.५. ठेवायचा एक वाढवला, ५के४ केलं, तर २८.३. दोन्ही वाढवले, ६के४, तर ३१.३. म्हणजे या पट्ट्यात +१के० ची किंमत साधारण २, +०के१ ची ४, आणि +१के१ ची जवळजवळ ७. रेझ म्हणजे जास्तीच्या परिणामासाठी टीएन (फेकीने गाठायचा आकडा) स्वतःहून ५ ने वाढवणं; फ्री रेझ म्हणजे तेच फुकट, म्हणून त्याची किंमत ठरलेली ५. तेव्हा ‘फासा नको, फ्री रेझच देतो, तेवढाच’ असं कोणी म्हटलं तर तो अडीच पट देतोय हे त्याला दाखवा. आणि कायमचा +१के१ म्हणजे प्रत्येक फेकीला फुकटचा व्हॉइड पॉइंट (एका फेकीला +१के१ देणारा राखीव गुण). पात्राला दिवसाला जे दोन-तीन मिळतात ते तुम्ही अमर्याद करून टाकलेत.

दुसरा आकडा जखमांचा. अर्थ (पृथ्वी) ही रिंग, म्हणजे पात्राचं त्या तत्त्वातलं बळ, २ असलेला साधा माणूस हेल्दी पातळीत १० घाव सोसतो, त्यानंतरच्या प्रत्येक पातळीत ४. स्ट्रेंग्थ २ चा हात आणि ३के२ ची कटाना मिळून ५के२, सरासरी १९. एका वारात माणूस थेट ‘हर्ट’ला जातो, म्हणजे पुढच्या प्रत्येक फेकीवर टीएन +१०. दुसऱ्या वारात ३८, म्हणजे ‘आउट’, लढाईतून बाद. थोडक्यात या खेळात दोन वारांत निकाल लागतो. म्हणून सगळ्यांत महाग सवलत फाशांची नसतेच, कृतीची असते. मूळ नियमात हल्ला ही कॉम्प्लेक्स कृती. ती सिंपल झाली की एका फेरीत दोन वार, आणि दोन वार म्हणजे मघाचा निकाल. एक्स्ट्रा अटॅक या डावाला पाच रेझ लागतात, म्हणजे टीएनवर २५. ‘सिंपल कृतीत हल्ला’ लिहिताना तुम्ही तो पंचवीसचा खर्च माफ करता. मोठ्या घराण्यांच्या योद्ध्यांना हे सहसा तिसऱ्या रँकच्या आसपास मिळतं, तेही अनेकदा ठरावीक हत्यारापुरतं. लहान घराण्याला त्याआधी देऊ नका. पहिल्या रँकला तर कोणत्याही अटीवर नको. खेळाडू ती अट रोज पुरी करण्याचा मार्ग पहिल्याच महिन्यात शोधतो.

तिसरा हिशेब पात्र बनवतानाचा. ट्रेट (ताकद, चपळाई अशी मूळ क्षमता) वाढवायला तिच्या नव्या आकड्याच्या चौपट अनुभवाचे गुण लागतात: २ वरून ३ ला १२, ३ वरून ४ ला १६. कुटुंबाचा आणि स्कूलचा असे दोन्ही बोनस एकाच ट्रेटला दिलेत तर खेळाडू ४ वर सुरुवात करतो, म्हणजे सुरुवातीच्या ४० गुणांवर २८ गुणांची वस्तू फुकट. अ‍ॅजिलिटी किंवा रिफ्लेक्सेसच्या बाबतीत हे कराल तर पुढे टेक्निक कितीही मोजून-मापून लिहा, फरक पडणार नाही. कुटुंबाला एक, स्कूलला दुसरा, आणि शक्यतो वेगवेगळ्या रिंगमधले.

आता एक स्कूल पूर्ण लिहून दाखवतो. समजा पाणमांजर घराणं, कुटुंबाचं नाव सेगावा, काम एका मोठ्या नदीचा उतार राखणं. क्रियापद: अडवणे.

पहिला मसुदा बहुतेक जण असा लिहितात: ‘पाण्यात, होडीत किंवा पुलावर लढताना +१के१.’ ऐकायला छान, घराण्याला शोभणारं, आणि टेबलावर पूर्ण फसणारं. कथा राजधानीत गेली की खेळाडूची स्कूल गेली. मग जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) दया येते आणि तो दर तिसऱ्या प्रसंगात कारंजं, हौद नाहीतर पाऊस घालायला लागतो. तिथून पुढे फायदा कायमचाच झाला. भूगोलाला बांधलेलं टेक्निक एकतर कधीच चालत नाही किंवा नेहमीच चालतं, आणि यातलं काय होईल ते जीएमच्या मनावर.

त्याऐवजी त्या भूगोलाने माणसाला कोणती सवय लावली ते लिहा. उतारावर पहारा देणाऱ्याचं आयुष्य काय असतं? तो उभा असतो, समोरचा येत असतो. येणाऱ्याचा पाय कुठे पडतो यावर त्याची नजर असते. मग अट पाण्याची नको, समोरच्याच्या हालचालीची ठेवा. हलणारा शत्रू दरबारातही असतो, जंगलातही, छपरावरही.

पहिला रँक, ‘पावलावर नजर’: ज्या शत्रूने त्याच्या आधीच्या पाळीत स्वतः जागा बदलली त्याच्यावरच्या हल्ल्याला +१के०. शिवाय जमिनीच्या अडचणीची एक पायरी कमी मोजायची. अवघड जमीन मध्यम, मध्यम जमीन सपाट. आणि दृश्यात एकदा, प्रवाशाचे कागद किंवा माल तपासताना इन्व्हेस्टिगेशनला किंवा कॉमर्सला एक फ्री रेझ. एकूण दोनचा फायदा लढाईत, पाचचा लढाईबाहेर पण एकदाच. पहिल्या रँकला असा झुकाव मुद्दाम ठेवतो, कारण हाच रँक चोरीला जातो. मल्टिपल स्कूल्स घेणारा खेळाडू पहिला घास इथे घेऊन पुढे मोठ्या घराण्यात जातो. पहिल्याच पायरीवर तूप ओतलंत तर पाणमांजर हे घराणं न राहता बुफे होतं.

‘स्वतः जागा बदलली’ हे शब्द नीट ठेवा. ‘हलला’ एवढंच लिहिलंत तर जोडीदार शत्रूला ढकलून देईल आणि म्हणेल, हलला की. घोडेस्वार हलला असं धरायचं, घोडा त्याच्याच मर्जीने चालतो म्हणून. पहिल्या फेरीत ज्याची पाळीच आली नाही तो हललेला नाही. हे तीन खुलासे टेक्निकच्या मजकुरातच घाला; वेगळ्या कागदावर ठेवलेत तर ऐन चकमकीत तो कागद कोणाकडेच नसतो.

दुसरा रँक, ‘काठ सोडायचा नाही’: आपल्या पाळीत जागा बदलली नाही तर पुढच्या पाळीपर्यंत आर्मर टीएनमध्ये (आपल्याला वार लागण्यासाठी शत्रूने गाठायच्या आकड्यात) वॉटर रिंग अधिक स्कूल रँक. वॉटर ३, रँक २, म्हणजे +५, हलक्या चिलखताएवढं. ठीक आहे. पण पाचव्या रँकला काय होतं ते आत्ताच बघा, तेव्हा नाही. वॉटर ४, रँक ५, म्हणजे +९. रिफ्लेक्सेस ४ चे मूळ २५, हलकं चिलखत ५, हे ९, आणि डिफेन्स स्टान्स (बचावाचा पवित्रा) घेतला तर एअर ३ अधिक डिफेन्स स्किल ४ मिळून आणखी ७. बेरीज ४६. समोरच्याचा ८के४ चा पट्टीचा हल्ला सरासरीने ३६ च्या आसपास जातो. म्हणजे माणूस भिंत झाला, आणि भिंतीशी लढायला कोणालाच मजा येत नाही, भिंत चालवणाऱ्यालाही नाही. उपाय एका ओळीचा: डिफेन्स आणि फुल डिफेन्स स्टान्समध्ये हे लागू नाही. आता रँक ५ ला ३९. भक्कम आहे, पण भेदता येतं. फुल अटॅकमध्ये, म्हणजे बेधडक हल्ल्याच्या पवित्र्यात, मात्र चालू ठेवा. तिथे +२के१ च्या बदल्यात आर्मर टीएन दहाने पडतो, आणि हे टेक्निक त्यातला मोठा भाग भरून काढतं. उभं राहून घाव घालणारा पहारेकरी या चित्राला ते शोभतं. मोठा फायदा आहे हे मान्य, म्हणून पुढच्या रँकवर हात आखडता घ्यायचा.

तिसरा रँक, ‘उतरणीचा घाव’: भाल्याने केलेला हल्ला सिंपल कृती, पण फक्त अशा शत्रूवर ज्याने आधीच्या पाळीत स्वतः जागा बदलली किंवा जो खाली पडलेला आहे. कटानाला नाही, नागिनाताला नाही. मोठ्या घराण्यांचं हेच टेक्निक यापेक्षा सैल असतं आणि तसंच असू द्या. या अटीचा टेबलावरचा परिणाम पाहण्यासारखा आहे. दोन चकमकींनंतर शत्रू, म्हणजे जीएम, हलायचं थांबतो. शत्रू जागच्या जागी थिजले की पथकातल्या धनुर्धराचं आणि शुगेंजाचं (मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताचं) फावतं. पाणमांजराने एकही घाव न घालता मैदान अडवलं, आणि क्रियापद तेच होतं. चांगल्या अटीची खूण हीच की ती टाळायला गेलेला शत्रूसुद्धा घराण्याच्या कामी येतो.

स्कूलचा कमकुवतपणाही इथेच आपोआप लिहिला गेला, तो वेगळा जोडायला नको. एका जागी उभा राहून बाण मारणारा आणि धीराचा द्वंद्वयोद्धा, या दोघांपुढे पाणमांजराचं काही चालत नाही. ते तसंच राहू द्या. खेळाडू तक्रार करेल; तेव्हा कोणीतरी बाणवाल्याला जागेवरून उठवावं लागेल, आणि ते काम पथकातल्या दुसऱ्याचं आहे.

चौथा रँक पटकन सांगतो: नॉकडाउनला (शत्रूला पाडायच्या डावाला) दोनऐवजी एक रेझ. बस. तिसऱ्या रँकमध्ये ‘खाली पडलेला’ हे शब्द आहेत, त्यामुळे हे छोटं वाटणारं टेक्निक मागच्याला चावी देतं. नॉकडाउननंतरची स्ट्रेंग्थची आमनेसामने फेक मात्र काढू नका. ती काढली की पाडणं हमखास होतं आणि मग प्रत्येक चकमक पाडापाडीने सुरू होऊन पाडापाडीनेच संपते. ही साखळी स्वतः फाशांवर चालवून बघा: पाडलं, दुसऱ्या फेरीत दोन वार, माणूस गेला. दोन फेऱ्यांत एक शत्रू, चौथ्या रँकच्या पात्राला हे रास्त आहे. एकाच फेरीत तेच होत असेल तर कुठेतरी सूट जास्त झाली.

पाचवा रँक, ‘इथून पुढे नाही’: चकमकीत एकदा, सिंपल कृतीने, आपल्या दोन्ही बाजूंना मिळून वॉटर गुणिले दहा फूट लांबीची रेघ ठरवायची. पुढच्या पाळीपर्यंत ती ओलांडू पाहणाऱ्याची हालचाल रेघेवर संपते, जोवर तो वॉटर रिंगच्या फेकीत पाणमांजराच्या आकड्यावर जात नाही. पहिल्या मसुद्यात इथे प्रत्येक शत्रूसाठी वेगळी आमनेसामने फेक असते. आठ शत्रू धावून आले की सोळा फेका, आणि बाकीचे चार खेळाडू फोन बघत बसतात. म्हणून पाणमांजर एकदाच फेकतो, तोच आकडा सगळ्यांचा टीएन. आणि साध्या सैनिकांच्या टोळीसाठी त्यांचा म्होरक्या एकदाच फेकतो. पाचव्या रँकचं टेक्निक मोठं वाटलं पाहिजे, पण त्याने खेळ थांबता कामा नये.

मुराकामींच्या निशाणाचं काय, तेच तर सगळ्यांत मजेदार होतं? ते टेक्निकमध्ये घालू नका. टेक्निक म्हणजे फाशांचा करार. निशाण म्हणजे जगाशी करार. ते घराण्याचा हक्क म्हणून वेगळं लिहा. पाणमांजराचा सामुराई एका वेळी इनसाइट रँकएवढ्या (पात्राच्या एकूण पातळीएवढ्या) तांड्यांना किंवा जहाजांना निशाण देऊ शकतो. निशाण असलेल्याला नदीवरचे नावाडी, जकातदार आणि छोटेमोठे लुटारू हात लावत नाहीत. पण त्या तांड्याने जे काही केलं त्याला घराणं जबाबदार. निशाणाखाली अफू निघाली तर जाब पात्राला. यात कोणताही आकडा नाही, म्हणून तोलायचा प्रश्न नाही, आणि जीएमला महिनाभराचा मजकूर मिळाला. लहान घराण्याच्या क्षमतेतला रंगतदार भाग बहुतेक वेळा इथे असतो आणि लिहिणारे तो +१के१ मध्ये कोंबून मारून टाकतात.

यालाच जोडून एक मत ठामपणे. लहान घराणं म्हणजे पात्र दुबळं, असं धरून बरेच जण टेक्निक मुद्दाम मोडकी लिहितात. मला हे पटत नाही. लहान घराणं फौजेत, पैशात आणि दरबारात लहान असतं. त्याचा वकील बोलायला उठला की लोक चहा मागवतात. त्याचं एक पीक बुडालं की घराणं बुडतं. दोन मोठे शेजारी भांडले की पहिला तळ त्याच्या अंगणात पडतो. हा तोटा जगात दाखवा. फाशांत दाखवलात तर तो तोटा घराण्याचा उरत नाही, समोर बसलेल्या खेळाडूचा होतो, दर आठवड्याला चार तास.

त्याच जातीची दुसरी खोड म्हणजे मानाची किंमत लावून टेक्निक ‘तोलणं’: ‘हे वापरलं की ऑनर जातो, म्हणून +२के२ चालेल.’ चालत नाही. ज्याला ऑनरची पर्वा आहे तो ते कधीच वापरत नाही, ज्याला नाही तो दर वेळी वापरतो, आणि दोघांसाठी किंमत शून्यच. ऑनर गमावणं कथेसाठी ठेवा, तागडीत टाकू नका.

‘आपोआप यश’ही टाळा. भुतं दिसतात, खोटं ओळखू येतं, विष जाणवतं, अशी टेक्निक लहान घराण्यांसाठी हमखास सुचतात. खोटं नेहमी ओळखू आलं की तपासाची कथा पहिल्याच साक्षीदारापाशी संपते. त्याऐवजी मर्यादित प्रश्न द्या. खोटं ओळखण्याऐवजी: दृश्यात एकदा, जीएमने सांगायचं की समोरचा या क्षणी कशाची भीती बाळगून आहे, माणसाची, वस्तूची की वेळेची. उत्तर खरं, पण अर्धं. त्याने तपास पुढे सरकतो, संपत नाही.

‘दिवसातून एकदा’, ‘सत्रातून एकदा’ आणि ‘चकमकीत एकदा’ हे सारखे समजू नका. कथा प्रवासाची असेल तर दिवसाला एकच चकमक होते, म्हणजे दिवसातून एकदा आणि चकमकीत एकदा यांत फरक उरत नाही. वेढ्याची कथा असेल तर एका दिवसात पाच चकमकी. सत्रावर बांधलेली मर्यादा सगळ्यांत वाईट, कारण सत्र कधी संपणार हे शेवटची लोकल ठरवते. चकमक किंवा दृश्य, एवढ्या दोनच मापांत लिहा.

चाचणी अशी घ्या. एकच ठरीव शत्रू ठेवा: हल्ला ६के३, नुकसान ५के२, आर्मर टीएन २०, अर्थ २. त्याच्यासमोर आधी तुमच्या टेबलावर जे मोठ्या घराण्याचं योद्धा पात्र आहे ते त्याच रँकला उभं करा, मग नवं पात्र. दोघांच्या वीस-वीस चकमकी हाताने किंवा साध्या स्प्रेडशीटवर फिरवा, आणि तीन गोष्टी टिपा: किती फेऱ्या लागल्या, पात्र किती वेळा ‘हर्ट’च्या खाली गेलं, आणि टेक्निकची अट किती वेळा पुरी झाली. तिसरा आकडा सगळ्यांत बोलका. अट दहातल्या नऊ फेऱ्यांत पुरी होत असेल तर ती अट नाही, सजावट आहे. मग त्या टेक्निकला कायमच्या सवलतीचा भाव लावा. दहातल्या दोनच फेऱ्यांत होत असेल तर फायदा दुप्पट केलात तरी चालेल. निम्म्याच्या आसपास असेल तर खेळाडू ती पुरी करण्यासाठी डोकं चालवतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. मग एकदा तुमच्या पथकातल्या सगळ्यांत मोठ्या मदतनिसाला, म्हणजे फासे वाढवणाऱ्या शुगेंजाला, शेजारी उभा करून पुन्हा फिरवा. टाकायचे फासे दहाच्या वर गेले की प्रत्येक दोन फाशांचा ठेवायचा एक होतो, त्यामुळे वरच्या रँकला गरीब बिचारा +१के० सुद्धा भाव खातो.

पाचही रँक लिहायची घाई नसेल तर आणखी सोपी वाट आहे: आधी फक्त एक पर्यायी वाट, ऑल्टरनेट पाथ, लिहा. एका रँकचं एक टेक्निक, जे शेजारच्या मोठ्या घराण्याच्या स्कूलमधल्या त्या रँकच्या जागी येतं. लहान घराण्याची पोरं मोठ्यांकडे शिकायला जातात हे रोकुगानमध्ये नवं नाही. दोन-तीन महिने खेळून ते टेक्निक टिकलं तर त्याभोवती बाकीचे चार रँक उभे करा. वरच्या उदाहरणातला दुसरा रँक असा एकटा आधी खेळवण्याजोगा आहे, कारण त्याचा दोष वरच्या आकड्यांवरच दिसतो.

शुगेंजाची स्कूल असेल तर काम हलकं. एक तत्त्व जवळचं, एक दूरचं, म्हणजे एका रिंगच्या मंत्रांना स्कूल रँक एकने जास्त, दुसऱ्या रिंगच्या मंत्रांना एकने कमी, आणि टेक्निक एकच. ते एक टेक्निक तत्त्वाला बांधू नका, ती सोय आधीच मिळालेली आहे. मंत्राच्या जातीला किंवा प्रसंगाला बांधा. सेगावांच्या शुगेंजासाठी: वाहत्या पाण्याला हात लागलेला असेल तर त्या नदीवर गेल्या दिवसभरात काय गेलं याबद्दल कामींना (तत्त्वांच्या आत्म्यांना) एक जादा प्रश्न. लढाईत याचा काडीचा उपयोग नाही, आणि तरी खेळाडू दर गावात आधी नदी कुठे आहे ते विचारेल. दरबारी स्कूल लहान घराण्याला मी सहसा देतच नाही. वर सांगितलेला निशाणाचा हक्क आणि एखादा पर्यायी टप्पा पुरतो.

आणि कोणी हेच पाचव्या आवृत्तीत, २०१८ च्या, नेऊ पाहत असेल तर फाशांचा वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागेल. तिथे फाशांवर यश, संधी आणि स्ट्राइफ (मनाची घालमेल) अशी चिन्हं येतात, टीएन लहान आकड्यांचे असतात, आणि स्कूलला पाच सुटी टेक्निक नसून सुरुवातीची एक क्षमता, रँकनिहाय अभ्यासक्रम आणि सहाव्या रँकची प्रावीण्य-क्षमता असते. घराण्याचं क्रियापद तिथे सुरुवातीच्या क्षमतेत घाला, आणि तिचा जोर स्कूल रँकवर बांधा, म्हणजे ती पात्राबरोबर वाढते. पाणमांजराचं रूप साधारण असं होईल: जागा बदललेल्या शत्रूवर हल्ला करताना स्कूल रँकएवढ्या मर्यादेपर्यंत संधीची चिन्हं खर्चून त्याची पुढची हालचाल तोडायची. संधी खर्च करावी लागते, त्यामुळे ती क्षमता प्रत्येक फेकीला आपोआप लागत नाही. अभ्यासक्रमात मात्र कंजूषपणा करा: भाल्याच्या काता (लढण्याची तंत्रं), पाण्याच्या वळणाच्या एक-दोन गोष्टी, कॉमर्स, आणि बाकी रिकामं.